जाणत्या वाचकाला समजावून सांगणे

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला, मग तो पुढे रसायनशास्त्र शिकणार असो, हिशेबशास्त्र शिकणार असो वा नाट्यकला, पहिल्या वर्षी इंग्रजी लेखनाचा एक वर्ग करावाच लागतो. या विषयाला तेथे 'फर्स्ट-इयर कॉम्पोझिशन' असे नाव असून विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो नुसता 'फ्रेशमन कॉम्प' होतो. कथा-कविता लिहायला शिकवणे हा त्याचा हेतू नसतो; विवेचनात्मक लेखन, म्हणजे 'एक्स्पोझिटरी रायटिंग', हे त्याचे मुख्य क्षेत्र असते. एखादे यंत्र कसे चालते, एखादी घटना का घडली, एखादी संकल्पना कोणत्या अर्थाने वापरली जाते, हे ज्याला ठाऊक नाही अशा वाचकाला उलगडेल अशा रीतीने मांडलेले गद्य म्हणजे विवेचनात्मक लेखन. या व्याख्येतच एक अट आहे आणि ती वर्गात सहसा पूर्ण होत नाही. विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधाला वाचक एकच असतो, तो म्हणजे शिक्षक; त्याला विषय आधीच ठाऊक असतो किंवा ठाऊक आहे असे विद्यार्थी गृहीत धरतो, आणि तो वाचतो ते काही कळावे म्हणून नव्हे, तर गुण द्यावेत म्हणून. या विषयाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात व्याकरण, परिच्छेद, मसुदे आणि चुका यांवरून जे वाद झाले, त्यांतील बरेचसे नीट पाहिले तर या एका विसंगतीशी येऊन मिळतात.

हा विषय हार्वर्ड विद्यापीठात आकाराला आला असे सामान्यतः मानले जाते, आणि त्याचा उगम अध्यापनाच्या एखाद्या कल्पनेतून न होता प्रवेशपरीक्षेतून झाला, हे विसरून चालत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी महाविद्यालयांवर ग्रीक, लॅटिन आणि 'ऱ्हेटरिक', म्हणजे वक्तृत्व व युक्तिवाद यांचे प्राचीन शास्त्र, यांचा पगडा होता; विद्यार्थी भाषणे तयार करीत, सहाध्यायांपुढे ती म्हणून दाखवीत, आणि लेखनाला बोलण्याची पूर्वतयारी एवढेच स्थान होते. १८६९ मध्ये चार्ल्स विल्यम इलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवून हा जुना साचा मोडीत काढला. एके काळी वृत्तपत्रात काम केलेल्या अॅडम्स शर्मन हिल यांना त्यांनी १८७२ मध्ये बोलावून घेतले, आणि १८७४ पासून प्रवेशेच्छू विद्यार्थ्याने शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, वॉल्टर स्कॉट अशा लेखकांच्या आधी जाहीर केलेल्या कृतींवर एक छोटा इंग्रजी निबंध लिहून दाखवावा, अशी अट घातली गेली. शब्दांचे स्पेलिंग, विरामचिन्हे, व्याकरण आणि मांडणी हे तपासणीचे मुद्दे होते. चांगल्या घरांतून व नामांकित शाळांतून आलेले उमेदवारही या परीक्षेत कोसळू लागले. १८७९ साली तर जवळजवळ निम्मे उमेदवार नापास झाले. शाळांनी न केलेले काम महाविद्यालयाने पहिल्याच वर्षी उरकावे, असा हिल यांचा आग्रह होता आणि त्यानुसार १८८५ पासून 'इंग्लिश ए' हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षात आणण्यात आला. शतक संपत आले तेव्हा हार्वर्डमध्ये सर्वांना सक्तीचा असा हा जवळपास एकच विषय उरला होता, आणि इतर विद्यापीठांनी हार्वर्डचा कित्ता गिरवला.

परीक्षेतून जन्मलेल्या या विषयाला परीक्षकाचीच दृष्टी मिळाली. स्कॉट यांच्या 'आयव्हॅनहो'तील एखादा प्रसंग लिहिणारा उमेदवार तो प्रसंग कोणाला कळावा म्हणून लिहीत नव्हता. परीक्षकांना ती कादंबरी पाठ होती. आपल्याला लिहिता येते, एवढेच त्याला सिद्ध करायचे होते. येथे एक तुलना सुचते. ज्या १८७४ साली हार्वर्डने ही परीक्षा सुरू केली, त्याच साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' हे मासिक काढले. मराठीतील विवेचक गद्य १८३२ च्या 'दर्पण'पासून, १८४८ मध्ये 'प्रभाकर'मधून प्रसिद्ध होऊ लागलेल्या लोकहितवादींच्या 'शतपत्रां'पासून आणि पुढे 'निबंधमाले'पासून नियतकालिकांच्या पानांवर वाढले, म्हणजे ज्याला विषय ठाऊक नाही, पटला नाही तर जो वर्गणी बंद करील, अशा खऱ्या वाचकासमोर वाढले. अमेरिकी नियतकालिकांतही तसे गद्य भरपूर होते. परंतु महाविद्यालयातील निबंध त्या परंपरेला न जोडता परीक्षेला जोडला गेला, आणि पुढची पन्नास-पाऊणशे वर्षे तो तसाच राहिला.

शिकवायचे काय, हे ठरवण्यासाठी जी सामग्री वापरली गेली ती मुख्यतः स्कॉटलंडमधून आली. अॅबर्डीन विद्यापीठातील तर्कशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये इंग्रजी रचना व ऱ्हेटरिक यांवर एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. बेन हे मनाच्या व्यापारांचा अभ्यास करणारे विचारवंत होते, आणि परिच्छेदाकडेही त्यांनी त्याच नजरेने पाहिले: परिच्छेद म्हणजे एकाच विषयाभोवती गोळा झालेली वाक्ये, त्यांचा परस्परसंबंध उघड दिसला पाहिजे, आणि परिच्छेद कशाविषयी आहे ते आरंभीच्या वाक्यात सूचित झाले पाहिजे. या आरंभीच्या वाक्यालाच पुढे 'टॉपिक सेंटेन्स' किंवा विषयवाक्य असे नाव मिळाले. लेखनाचे वर्णन, कथन, विवेचन, मन वळवणारे लेखन आणि काव्य असे पाच प्रकारही बेन यांनी कल्पिले होते. त्यांतून काव्य गळाले आणि कथन, वर्णन, विवेचन व युक्तिवाद ही चौकडी अमेरिकी पाठ्यपुस्तकांत पक्की झाली. महाराष्ट्रातील शालेय निबंधांचे वर्णनात्मक, कथनात्मक, वैचारिक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक असे जे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या परिचयाचे आहेत, त्यांचे या वर्गीकरणाशी असलेले साम्य सहज लक्षात येते. हार्वर्डमधीलच बॅरेट वेंडेल यांनी १८९१ च्या आपल्या पुस्तकात एकता, भर आणि सुसंगती ही तीन तत्त्वे सांगितली आणि ती वाक्य, परिच्छेद व संपूर्ण लेख या तिन्ही पातळ्यांवर लागू केली. विद्यार्थ्याने रोज एक छोटा उतारा लिहून द्यावा, ही वेंडेल यांची प्रथाही गाजली, आणि तिच्याबद्दल आदर वाटतो, कारण निदान तीत विद्यार्थ्याला दररोज स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहावे लागत होते.

बेन यांचे नियम चुकीचे नव्हते. मात्र ते तयार गद्याच्या निरीक्षणातून आले होते आणि गद्य तयार कसे होते याविषयी त्यांत काहीच नव्हते. पाठ्यपुस्तकांत शिरल्यावर ते आणखी आकुंचित झाले. अमेरिकी शाळांतून पहिल्या वर्षाच्या वर्गापर्यंत पोहोचणारा पाच परिच्छेदांचा निबंध हे त्याचे ठळक उदाहरण आहे: पहिल्या परिच्छेदात मुख्य विधान, म्हणजे 'थीसिस', आणि त्याच्या समर्थनार्थ येणाऱ्या तीन मुद्द्यांची घोषणा; मग प्रत्येक मुद्द्याला एक परिच्छेद; आणि शेवटी पहिल्याच परिच्छेदाची शब्द बदलून केलेली पुनरुक्ती. साडेतीनशे शब्दांच्या मजकुरात वाचक आरंभीचा मुद्दा शेवटपर्यंत विसरेल, ही भीती कोणत्याही खऱ्या लेखकाला वाटत नाही. हा साचा टिकला तो भराभर तपासता येतो म्हणून. विषयवाक्याच्या बाबतीत रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ मध्ये एक साधी तपासणी केली. दर्जेदार अमेरिकी नियतकालिकांतील विवेचनात्मक लेख घेऊन त्यांनी परिच्छेद मोजले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद त्यांना अवघे १३ टक्के आढळले. ज्या लेखकांचे नमुने वर्गात आदर्श म्हणून वाचायला दिले जात होते, त्यांनाच तो नियम मान्य नव्हता. विषयवाक्य निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष यातून काढण्याचे कारण नाही. नवख्या लेखकाला त्याचा मोठा आधार होतो. मात्र ती परांची आहे, इमारत नव्हे, हे अनेक वर्गांत सांगितले गेले नाही.

तपासणीच्या सोयीचा मुद्दा क्षुल्लक नाही. इंग्रजीच्या अमेरिकी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद १९११ मध्ये शिकागो येथे स्थापन झाली. मिशिगन विद्यापीठाचे फ्रेड न्यूटन स्कॉट तिचे पहिले अध्यक्ष होते. १९१२ च्या जानेवारीत निघालेल्या तिच्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकातील पहिला लेख कॅन्सस विद्यापीठाचे एडविन हॉपकिन्स यांचा होता. सध्याच्या परिस्थितीत लेखन चांगले शिकवता येईल का, असा प्रश्न शीर्षकातच विचारून त्यांनी लेखाच्या पहिल्याच शब्दात नकारार्थी उत्तर दिले होते, आणि पुढे शिक्षकांवर पडणाऱ्या निबंधांच्या ओझ्याचा हिशेब मांडला होता. आज अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखनशिक्षकांची संघटना एका वर्गात २० हून अधिक विद्यार्थी नसावेत आणि शक्य तर १५ असावेत, अशी शिफारस करते. ती पाळली गेली असे धरले, आणि तीन वर्ग घेणाऱ्या शिक्षकाने सत्रात चार निबंध प्रत्येकी दोन मसुद्यांत मागवले, तर त्याला ४८० वेळा एखादा निबंध हाती घ्यावा लागतो. हे काम बहुधा कायम नोकरी नसलेल्या शिक्षकांकडे किंवा स्वतः पदव्युत्तर शिक्षण घेत असलेल्या साहाय्यकांकडे सोपवले जाते. अशा वाचकाचा डोळा विचाराऐवजी चुकीवर स्थिरावला, तर त्यात नवल नाही, कारण चूक चटकन दिसते आणि तिच्याखाली लाल रेघ ओढायला क्षण पुरतो.

चुकीविषयीची ही वृत्ती बदलण्याचे श्रेय ज्यांना प्राधान्याने दिले जाते त्या मिना शॉनेसी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये शिकवीत होत्या. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने १९७० मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शहरातील सर्वांसाठी प्रवेश खुला केला, आणि ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी कोणी चढले नव्हते असे हजारो विद्यार्थी वर्गात आले. शॉनेसी यांनी या विद्यार्थ्यांनी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध बारकाईने वाचले आणि १९७७ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. चुका विस्कळीत नसतात, त्यांच्यामागे काही तर्क असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्याला औपचारिक लेखनाचा सराव नाही तो विद्यार्थी ऐकीव नियम, बोलीतील रचना आणि पुस्तकी वाक्यांची अर्धवट आठवण यांच्यातून स्वतःची पद्धत बनवतो, आणि ती पद्धत ओळखता आली तरच ती बदलता येते. यानंतर काही वर्षांनी, १९८१ मध्ये, शिकागो विद्यापीठाचे जोसेफ विल्यम्स यांनी चुकांवरच एक विद्वत्तापूर्ण लेख लिहिला आणि शेवटी वाचकांना कळवले की त्या लेखात त्यांनी सुमारे शंभर चुका मुद्दाम पेरलेल्या आहेत. बहुतेक प्राध्यापकांना त्या दिसल्या नव्हत्या, कारण ते काहीतरी समजून घेण्यासाठी वाचीत होते. तेच प्राध्यापक विद्यार्थ्याचा निबंध वाचताना एकही चूक सुटू देत नसत. वाचन कोणत्या हेतूने होते यावर वाचकाला काय दिसेल हे अवलंबून असते, हे याहून खट्याळपणे कोणी दाखवले नसेल.

दरम्यान, लिहिणारे प्रत्यक्षात लिहितात कसे, याकडे संशोधकांचे लक्ष गेले होते. जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना लिहिताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले आणि ते टिपून घेतले. आधी आराखडा, मग मसुदा, मग दुरुस्ती अशी जी सरळ वाट पाठ्यपुस्तके दाखवीत होती तिच्यावरून कोणीच चालत नव्हते. पुलित्झर पुरस्कार मिळवलेले पत्रकार आणि पुढे प्राध्यापक झालेले डोनाल्ड मरी यांनी १९७२ मध्ये लेखन हे तयार वस्तू म्हणून न शिकवता एक प्रक्रिया म्हणून शिकवावे, असा आग्रह धरला. पीटर एल्बो यांनी १९७३ च्या पुस्तकात तर शिक्षकाविना चालणारा लेखनवर्ग कल्पिला, ज्यात काही लोक जमून एकमेकांचे लेखन वाचतात आणि ते बरे की वाईट हे न सांगता वाचताना आपल्या मनात काय काय घडले तेवढेच सांगतात. एल्बो यांच्या कल्पनेत काहीसा भाबडेपणा आहे, परंतु जाणत्या वाचकाला बाजूला सारून न जाणणारा वाचक आणण्याचा तो उघड प्रयत्न होता.

या संशोधनातून विवेचनात्मक लेखन शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त अशी कल्पना लिंडा फ्लॉवर यांनी १९७९ मध्ये मांडली. त्यांनी लेखककेंद्री आणि वाचककेंद्री गद्य असा भेद केला. लेखककेंद्री गद्यात माहिती लेखकाला ज्या क्रमाने मिळाली किंवा आठवली त्या क्रमाने येते, शब्दांना लेखकाच्या मनात जो अर्थ आहे तो वाचकालाही आपोआप कळेल असे गृहीत धरलेले असते, आणि दोन वाक्यांमधील दुवा लेखकाच्या डोक्यातच राहून जातो. असे गद्य लिहिणे हा दोष मानू नये, असे फ्लॉवर यांचे म्हणणे होते. विचार जुळवण्याची ती स्वाभाविक पायरी आहे, आणि तेथे थांबणे हा दोष आहे. वाचककेंद्री गद्य त्याच सामग्रीची वाचकाच्या प्रश्नांनुसार नव्याने केलेली जुळणी असते.

हा भेद एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. शिकागो नदीवर निबंध लिहिणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. पहिल्या मसुद्यात तो सांगेल की शिकागो हे मोठे शहर आहे, त्यातून एक नदी वाहते, एकोणिसाव्या शतकात शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली, नदी अतिशय घाण होती, मग एक कालवा खणण्यात आला, तो १९०० साली सुरू झाला, त्याची लांबी सुमारे ४५ किलोमीटर होती, आणि नदी उलटी वाहू लागली, ही अभियांत्रिकीची एक महान कामगिरी होय. यातील एकही विधान खोटे नाही, तरीही वाचकाला काहीच समजलेले नसते, कारण विद्यार्थ्याने संदर्भपुस्तकात जे ज्या क्रमाने वाचले तेच उतरवले आहे. शिकागो नदी हा विषय झाला, मुख्य विधान नव्हे. ज्यावर 'हे कशावरून?' किंवा 'हे कसे काय?' असा प्रश्न एखादा शहाणा वाचक विचारू शकेल असे विधान हाती येईपर्यंत निबंध सुरूच झालेला नसतो.

असे विधान शोधण्यासाठी विद्यार्थ्याला सामग्रीकडे परतावे लागते, आणि तेथे त्याला आढळते की शहर पिण्याचे पाणी मिशिगन सरोवरातून घेत होते आणि शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नदी त्याच सरोवराला मिळत होती. हे एकदा हाती लागले की कालव्याचे प्रयोजन बदलते: सांडपाणी नाहीसे करणे शक्य नव्हते, म्हणून ते सरोवरापासून दूर, विरुद्ध दिशेला पाठवण्यात आले. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, की ते गेले कोठे. ते डेस प्लेन्स नदीत, तेथून इलिनॉय नदीत आणि तेथून मिसिसिपी नदीत गेले, आणि मिसिसिपीच्या काठी खालच्या अंगाला सेंट लुइस हे शहर होते. मिझुरी राज्याने या शहरातील विषमज्वराचा दोष शिकागोच्या सांडपाण्यावर ठेवून इलिनॉयविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९०६ मध्ये न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून ती फेटाळली. आता विद्यार्थ्याजवळ मुख्य विधान आहे: शिकागोने नदी उलटवून आपल्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सोडवला, परंतु सांडपाण्याचा प्रश्न न सोडवता तो केवळ दुसऱ्या राज्याच्या दारात नेऊन ठेवला. या वाक्यानंतर पहिल्या मसुद्यातील बरीच माहिती गळून पडते. कालव्याची लांबी उरते, कारण अंतराचा मुद्दा आता अर्थपूर्ण झाला आहे. 'महान कामगिरी' हे शब्द मात्र टिकत नाहीत.

यानंतर वाक्यांच्या पातळीवरचे काम येते, आणि येथे काही तंत्रे खरोखर शिकवता येतात. वाचकाला जे ठाऊक झाले आहे त्याने वाक्य सुरू करावे आणि जे नवे सांगायचे आहे ते वाक्याच्या शेवटाकडे ठेवावे, म्हणजे एका वाक्याचा शेवट पुढच्या वाक्याचा आरंभ बनतो आणि 'शिवाय', 'तसेच', 'त्याचप्रमाणे' अशा जोडशब्दांची गरज फारशी उरत नाही. विल्यम्स यांनी आपल्या शैलीविषयक पाठ्यपुस्तकात यावर विशेष भर दिला होता. नदी उलटी वाहू लागली, असे म्हणताना वाचकाच्या मनात पंपांचे चित्र उभे राहण्याचा संभव आहे, तेव्हा कालवा नदीच्या पात्राहून खोल खणल्यामुळे पाणी उताराने आपोआप तिकडे वळले, हे तेथल्या तेथे सांगावे लागते. विषमज्वर दूषित पाण्यातून पसरतो हे एका उपवाक्यात सांगितले नाही, तर मिझुरीची तक्रार वाचकाला कळत नाही. कोणती संज्ञा समजावायची, किती समजावायची आणि कोठे समजावायची, याचा निर्णय वाचक कोण आहे हे ठरवल्याखेरीज घेताच येत नाही. अभियंत्यांसाठी लिहिलेल्या लेखात उताराचे स्पष्टीकरण हास्यास्पद ठरेल आणि विषमज्वराचे कदाचित आवश्यक ठरेल.

नवख्या विद्यार्थ्याला दुसरा मसुदा म्हणजे पहिल्याची साफसफाई वाटते. नॅन्सी सोमर्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाचे २० विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांच्या फेरलेखनाची तुलना केली होती. विद्यार्थी शब्दाच्या जागी शब्द ठेवत होते, पुनरुक्ती टाळत होते, नियमभंग शोधत होते. अनुभवी लेखक आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत होते आणि कल्पनेतील एका वाचकाच्या नजरेने स्वतःचा मजकूर पुन्हा वाचत होते. शिकागो नदीवरील निबंधात जे घडले ते शब्द बदलून घडले नसते. म्हणूनच आज अनेक वर्गांत पहिल्या मसुद्यावर गुण देत नाहीत, त्यावर व्याकरणाच्या खुणाही करत नाहीत. त्याऐवजी सहाध्यायाने मसुदा वाचून मुख्य विधान आपल्या शब्दांत लिहून द्यावे आणि ज्या जागी आपण अडखळलो तेथे खूण करावी, असे सांगतात. सहाध्यायी वाचनाला मर्यादा आहेत. मैत्री आड येते, भीड पडते, आणि 'छान आहे' यापलीकडे शेरा जात नाही. तरीही शिकागोचे सांडपाणी कोठे गेले हे ज्याला खरोखर ठाऊक नाही असा एक वाचक त्यातून मिळतो.

या सर्व सुधारणांना एक गंभीर आक्षेप डेव्हिड बार्थोलोमी यांनी १९८५ मध्ये घेतला. विद्यार्थ्याला स्वतःचा वाचक कल्पून मोकळेपणाने लिहू द्यावे हे ठीक, पण विद्यापीठात लिहायचे म्हणजे एका विशिष्ट समाजाच्या बोलण्याची धाटणी उचलायची असते. तज्ज्ञ नसताना तज्ज्ञाच्या अधिकाराने बोलण्याचे सोंग विद्यार्थ्याला आणावे लागते, आणि प्रत्येक वेळी लिहायला बसताना त्याला जणू विद्यापीठच नव्याने कल्पावे लागते. हा आक्षेप इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांना अधिकच लागू पडतो. रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ मध्ये निरनिराळ्या भाषासमूहांतील विद्यार्थ्यांचे इंग्रजी परिच्छेद तपासून प्रत्येक समूहाच्या विचारपद्धतीची एकेक आकृती काढली, ज्यात इंग्रजीची आकृती सरळ रेषा होती आणि पौर्वात्यांची भोवऱ्यासारखी आत आत वळणारी. ही आकृती आकर्षक असली तरी तिचा पाया कच्चा होता, कारण परभाषेत लिहिलेल्या शिकाऊ निबंधांवरून तिने सबंध संस्कृतींच्या विचारपद्धतीचा निवाडा केला होता, आणि तिच्यावर झालेली टीका योग्यच होती. पुणे-मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्याला तेथील वर्गात जी अडचण येते ती विचार वळणावळणाने जात असल्याची नसते. शालेय निबंधात प्रस्तावनेला, सुभाषितांना आणि भारदस्त समारोपाला गुण मिळत असल्याने मुख्य विधान उशिरा व मोघम मांडण्याची त्याला सवय झालेली असते. ती अमेरिकी शाळेच्या पाच परिच्छेदांच्या साच्याइतकीच परीक्षेची देणगी आहे आणि तशीच सुटू शकते.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा या विषयाच्या शिक्षकांना प्रथम भीती वाटली ती कॉपीची. पाच परिच्छेदांचा, निर्दोष व्याकरणाचा, ठिकठिकाणी विषयवाक्ये असलेला निबंध यंत्राला काही सेकंदांत लिहिता येऊ लागला, म्हणजे १८७४ च्या परीक्षेत जे तपासले जात होते ते जवळजवळ सर्वच यंत्र पुरवू लागले. काही शिक्षक वर्गातच हाताने लिहून घेण्याकडे वळले आणि परीक्षेची निळ्या वेष्टनाची वही पुन्हा बाहेर आली. यात सोय आहे, परंतु फेरलेखनाला वेळच उरत नसल्याने जे शिकण्यासारखे आहे तेच हातचे जाते. काहींनी गृहपाठच बदलला: निबंधासोबत सर्व मसुदे द्यायचे, प्रत्येक मोठ्या बदलाचे कारण दोन ओळींत नोंदवायचे, आणि वाचक कोण हे सुरुवातीलाच लिहायचे, मग तो शहराच्या पाणीपुरवठा समितीचा सदस्य असो, दुसऱ्या शाखेचा विद्यार्थी असो किंवा गावच्या वृत्तपत्राचा ग्राहक असो. काही वर्गांत तो मजकूर खरोखरच अशा वाचकाकडे पाठवला जातो, आणि त्याचे उत्तर आले तर तेही पुढच्या मसुद्याची सामग्री म्हणून वापरले जाते. असा वर्ग चालवायला शिक्षकाला पूर्वीपेक्षा अधिक वाचावे लागते आणि वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या कमी असावी लागते. तेवढा खर्च करायला तयार असलेली विद्यापीठे आजही थोडीच आहेत.